लोकरीवरची खळ

औरंगाबाद,
रविवार, ९ जुलै १९६१

आदरणीय गुरुजींना वनमालाचा नमस्कार.

मे महिन्यातल्या माझ्या पत्रात एक गोष्ट चुकीची लिहिली गेली. ती आधी दुरुस्त करते, बाकीचं नंतर. मी लिहिलं होतं की आपली चिंचोक्याची खळ लोकरीला अशी धरते की पाण्यात कितीही धुतली तरी सुटत नाही. हे खरं नाही. खळ सुताला तशी धरते. लोकरीला नाही.

चूक कशी झाली तेही सांगते. आमच्या कॉलेजातल्या चंद्रप्रभाबाई झाडांपासून मिळणारे चिकट पदार्थ पाण्यात कशाकशाला धरून राहतात ते तपासत आहेत. चिंचोका, भेंडी, बाभळीचा डिंक, आणि समोर कापूस, लोकर, काच. पट्ट्या पातळ खळीत भिजवायच्या, स्वच्छ पाण्यात पुन्हापुन्हा खळबळायच्या आणि वर आयोडीनचा थेंब टाकायचा, हे माझं काम. चिंचोक्याची खळ उरली असेल तिथं निळं होतं. मला आपल्या घरचं तपासून पाहायची हौस आली. अव्वानं ज्यात डबा बांधून दिला होता त्या घोंगड्याचा एक तुकडा मी कापून घेतला. धुतल्यावरही तो निळा झाला. त्याच संध्याकाळी मी तुम्हाला पत्र लिहिलं, बाईंना न दाखवता.

मागच्या आठवड्यात बाईंनी तोच तुकडा भिंगाखाली धरला आणि विचारलं, "वनमाला, हे निळं नक्की कुठल्या धाग्यावर आहे गं?" तुकडा काठाचा होता. काठ उसवू नये म्हणून आप्पा त्यात पांढऱ्या सुताचे चार धागे घालतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. निळे झाले होते ते तेवढेच. काळ्या लोकरीवर निळं दिसलंच नसतं, हेसुद्धा मला सुचलं नाही. मग मी पांढरी लोकर घेऊन पाहिलं. दोनदा पाण्यातून काढली आणि खळ गेली.

बाई म्हणतात, चिंचोक्याची खळ म्हणजे साखरेच्या कणांच्या लांब साखळ्या. कापसाचा धागाही तसल्याच साखळ्यांचा. पाण्यात त्या एकमेकींना लांबवर चिकटून पडतात, आणि इतक्या ठिकाणी धरलेलं एकदम सुटत नाही. लोकर म्हणजे केस. तिच्यावर खळ नुसती बसते, फटी बुजवते. पाणी लागलं की फुगते आणि निघून जाते.

दरवर्षी मृगाच्या आधी धनगर आपापली घोंगडी घेऊन येतात आणि आप्पा त्यांना नव्यानं खळ देतात. तसं यंदाही झालं असेल तर माझ्या चुकीनं काही बिघडलेलं नाही. झालं ना? तेवढं कळवा.

माझी पत्रं तुम्ही शाळेच्या ओट्यावर सगळ्यांसमोर वाचता. हे मात्र आप्पांना एकट्याला सांगा.

आपली विद्यार्थिनी,
वनमाला


येरमाळा,
१९ जुलै १९६१

चि. वनमालास अंबादास गुरुजींचे आशीर्वाद.

तुझे पत्र मी खिशात ठेवले आणि आप्पा मागावर एकटे असताना त्यांना समजावून सांगितले. आता तुझ्या प्रश्नाचे उत्तर. यंदा खळीची कढई चढली नाही.

मेमधले तुझे पत्र मी वाचले तेव्हा ओटा भरलेला होता. गावात येणारी बहुतेक पत्रे मीच वाचतो, आणि तुझे पत्र म्हणजे लोकांना कीर्तनासारखे. उत्तरेश्वर धनगर घोंगडे खांद्यावर टाकून खळ लावून घ्यायलाच आला होता. "पाण्यात सुटत नाही" हे वाक्य त्याने मला दोनदा वाचायला लावले. मग म्हणाला, "बंडप्पा, दरसालचा हेलपाटा वाचवला की तुज्या पोरीनं. आता त्या कढईत तिच्या लग्नाची बुंदी पाड." आप्पा म्हणाले, "आदी तिला तिच्या कालेजातल्या बाईवानी बाई हुं दे, मग बुंदी." तुझे आप्पा इतके हसलेले मी पाहिले नव्हते. त्यांनी त्याचे घोंगडे हातात घेऊन चाचपले. त्यांना ते पसंत नसावे असे मला वाटले. पण तुझा कागद माझ्या हातात होता. त्यांनी घोंगडे परत दिले आणि म्हणाले, "जा, पोरीनं लिवलंय."

त्यानंतर आलेले धनगरही तसेच परत गेले. उत्तरेश्वर मेंढरे घेऊन वाशीच्या डोंगराकडे गेला आहे.

फार मनाला लावून घेऊ नकोस. पाऊस अजून बेताचाच आहे. आप्पांनी तुझे ऐकून मागाचा धोटा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "आता लिवा." त्यांनी सांगितले ते खाली जसेच्या तसे लिहितो.

"पोरी, चुकलं तर चुकलं. सुताला धरती, लोकरीला न्हाय, हे आता म्हाईत झालं, हेबी काय कमी हाय व्हय? धनगरांचं मी बगतो. तू तिकडं रडत बसू नको. अव्वा म्हनती, डबा बांधायला दिल्यालं घोंगडं कापायचं कुनी सांगितलं हुतं हिला. हसून म्हनती, रागानं न्हाय."

कळावे,
अंबादास गुरुजी


औरंगाबाद,
४ ऑगस्ट १९६१

ती. आप्पांना आणि अव्वाला वनमालाचा नमस्कार.

हे पत्र ओट्यावर वाचलं तरी चालेल. ज्यांनी यंदा घोंगड्याला खळ लावून घेतली नाही त्या सगळ्यांना निरोप पाठवा आणि आता तरी बोलवा. चूक माझ्या लिहिण्यात होती, तुमच्या कामात नाही, हेही त्यांना सांगा.

इथं तीन दिवस झड लागून आहे. वसतिगृहाच्या खिडकीतून पाहते आणि उत्तरेश्वरकाका कुठं असतील असं मनात येतं. त्यांचं घोंगडं तुम्ही कधी विणलं होतं? माझ्या चौथीच्या वर्षी ना? म्हणजे जुनं आहे. ते परत आले का, एवढं एका ओळीत कळवा.

अव्वा, घोंगडं कापलं त्याची माफी. उरलेला तुकडा जपून ठेवला आहे.

तुमची,
वनमाला


येरमाळा,
१२ सप्टेंबर १९६१

(बंडप्पांनी सांगितले, अंबादास गुरुजींनी लिहिले.)

"वनमालास आप्पाचा आशीर्वाद. तुजं पत्र घरातच वाचलं. आमी समदे खुशाल. पाऊस लई झाला, ज्वारीला बरा. म्या चार दिवस वाशीकडं सोयऱ्यांकडं गेलो हुतो, म्हनून जबाब ल्हायाला उशीर. घोंगड्याचं काम जरा कमी केलंय. डोळं दुकत्यात. अव्वा शेंगा फोडायला जाती, तिला बसून करमत न्हाय. तू बाईंचं काम ध्यान दिऊन कर. शिकल्यालं माणूस चुकत न्हाय असं कुनी म्हनलं तर हसायचं, पर चारचौघांत मान खाली घालायची न्हाय."


औरंगाबाद,
२० सप्टेंबर १९६१

आदरणीय गुरुजींना नमस्कार.

आप्पांच्या पत्रात उत्तरेश्वरकाकांचं नाव नाही. मी एवढंच विचारलं होतं.

वाशीला आमचे कुणी सोयरे नाहीत. आप्पांचे डोळे कधी दुखले नाहीत, तिन्हीसांजेला ते तुटलेला धागा बोटांनीच जोडतात. आणि अव्वा लोकांच्या घरी शेंगा फोडायला कधी गेलेली मला आठवत नाही. तुम्ही हे सगळं लिहून घेतलंत, तेव्हा तुम्हाला माहीत असणार.

काय झालं ते कळवा. वाईट असलं तरी कळवा.

वनमाला


येरमाळा,
१० ऑक्टोबर १९६१

(पत्र शरणप्पाची मुलगी सत्यभामा हिच्या हातचं आहे. इयत्ता चौथी.)

वनमालाअक्कास सत्यभामाचा नमस्कार. गुरुजी जबाब देईनात म्हणून नागम्माकाकू, तुमच्या अव्वा, मला म्हणाल्या तू लिही. त्या बोलतात तसं लिहिते. काकू म्हणतात गुरुजींना सांगायचं नाही.

"वनमाला, तुजा बाप सोयऱ्याकडं न्हवता गेला. गुरुजीनं तुजी चूक सांगितली त्या राती त्येनं चिंचोके भिजत घातले. सकाळी खळ शिजवली, गाडगं पाठीवर बांधलं, खळ लावायचा कुंचा घेतला आन उत्तरेश्वराला हुडकत डोंगरानं गेला. म्हनला, तो येत न्हाय तर म्याच जातो. मेंढरं भूमकडं गेली म्हनून कळलं, तिकडं गेला. चौथ्या दिशी खळ आंबली. वतून दिली आन परत आला. मग पुन्यांदा केली, पुन्यांदा गेला. तवर झड लागली, गाठच पडली न्हाय.

उत्तरेश्वर उघड्या माळावर मेंढरापाशी हुता. घोंगड्यानं समदं पानी पिलं. भिजून जड झालं, अंगावरबी ठिवता येईना आन टाकताबी येईना. ताप भरला. बार्शीच्या दवाखान्यात महिनाभर हुता. वाचला, पर छातीत काय उरलं न्हाय, चार पावलं चालला की बसतो. त्येच्या बायकूनं, द्वारकीनं, मेंढरं इकली.

बाजारात लोक म्हनले, शिकल्याल्या पोरीनं मानूस घालवला असता. शरणप्पाबी म्हनला, काय करायची असली शाळा. तवा तुजा बाप उभा ऱ्हायला. म्हनला, पोरीचं पत्र खरं हुतं, खळ म्याच खोटी केली. दोन साल झाले, चिंचोके कमी घालतो आन पानी जास्त. अगं, हात लावून सांगते, त्येनं असलं कंदी केलं न्हाय. आता समदे म्हनत्यात, बंडप्पा खळीत पानी घालतो. उत्तरेश्वरबी आमच्या दारावरनं मान फिरवून जातो. घोंगडं कुनी घेत न्हाय. माग झाकून ठिवलाय.

त्येला म्या सांगितलं म्हनून कळू दिऊ नको. पर मला गिळवंना."

अक्का, मला हे माहीत नव्हतं. लिहिताना कळलं. मी पुढच्या वर्षी पाचवीला कळंबला जाणार आहे. बाबा हो म्हणाले आहेत. तुमची सत्यभामा.


येरमाळा,
६ नोव्हेंबर १९६१

चि. वनमालास आशीर्वाद.

तुझी सप्टेंबरचे आणि परवाचे अशी दोन्ही पत्रे मिळाली. तुला कुणी सांगितले ते मी विचारत नाही.

होय, मी तिथे होतो. आप्पा बाजारात ते बोलले तेव्हा मी त्यांच्याशेजारी उभा होतो. तुझे पत्र मीच वाचले होते, तुझी दुरुस्तीही माझ्याच खिशात होती. मी एक शब्द बोललो असतो तर त्यांचे बोलणे खोटे ठरले असते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मी गप्प राहिलो. ऑगस्टमधले तुझे पत्र ओट्यावर वाचायचे होते, तेही त्यांच्या सांगण्यावरून घरातच वाचले. माझ्या तेवीस वर्षांच्या नोकरीत मी कुणाचे पत्र असे दाबून ठेवले नव्हते.

तू इथे येऊन सगळे सांगणार असे लिहितेस. माझे ऐक. निजामाच्या काळात या गावात मुलींचे नाव हजेरीत नव्हते. तू पहिली. तुझ्याकडे पाहून शरणप्पाने सत्यभामेला कळंबला पाठवायचे कबूल केले. तिच्यामागे आणखी तिघी आहेत. त्यांचे बाप रोज माझ्याकडे येऊन विचारतात, "गुरुजी, पाठवावं का?" तुझे पत्र चुकीचे होते हे तूच बाजारात सांगितलेस, तर उद्या ते विचारायलाही येणार नाहीत. आप्पांचे नाव परत येईल की नाही ते मला सांगता येत नाही. लोक म्हणतील, लेक बापाला सोडवायला आली.

मी आप्पांना तुझा बेत सांगितला. ते म्हणाले तेच लिहितो.

"माज्या तोंडातनं गेल्याला शबूद तू खोटा पाडू नको. माजं वय झालं, माग असाबी थांबनारच हुता. तुला पुडं जायचंय. मला पानी घालनारा म्हनत्यात, म्हनू दे. तुला काय म्हनत्याल ते मला ऐकवनार न्हाय."

यायचेच असेल तर दिवस आधी कळव. मला मनाची तयारी करावी लागेल.

अंबादास गुरुजी


औरंगाबाद,
मंगळवार, १४ नोव्हेंबर १९६१

ती. आप्पांना वनमालाचा साष्टांग नमस्कार.

गुरुजी, हे पत्र पूर्ण वाचा, मधलं काही गाळू नका.

आप्पा, तुम्ही दोनदा पाठीवर गाडगं बांधून डोंगर चढलात, आणि मला कळवलंत की डोळे दुखतात. तुमच्यावर रागवावं असं मला वाटत होतं. जमलं नाही.

गेले तीन आठवडे मी संध्याकाळी बाईंच्या परवानगीनं एकच काम केलं. पांढऱ्या लोकरीचा तुकडा विणून घेतला, त्याला तुमच्या पद्धतीनं दाट खळ दिली, उन्हात वाळवला, आणि वरून पाण्याची धार सोडून ठेवली. पहिल्या सरींना तो टिकतो. थेंब वरच्या वर घरंगळतात. मग हळूहळू खळ फुगते, बोटाला बुळबुळीत लागते आणि निघून जाते. कापसाच्या तुकड्यावरून तेवढ्याच पाण्यानं ती हलतही नाही. म्हणजे मृगाआधी तुम्ही उत्तरेश्वरकाकांच्या घोंगड्याला खळ दिली असती तरी त्या झडीत ती शेवटपर्यंत राहिली असती की नाही, मला माहीत नाही. कदाचित ते भिजलेच असते. कदाचित एखादी रात्र निभावली असती आणि ते तेवढ्यात एखाद्या गावाला पोचले असते. मी पुन्हापुन्हा करून पाहिलं. प्रयोगातून याहून जास्त काही निघत नाही. हे मी स्वतःची सुटका करून घ्यायला लिहीत नाही. उलट, सुटका झाली असती तर बरं झालं असतं असं वाटून मी तो तुकडा पुन्हा धारेखाली धरत होते, हे मला नंतर कळलं आणि मी काम थांबवलं.

एक गोष्ट मात्र मला नक्की माहीत आहे. त्या दिवशी ओट्यावर तुम्ही घोंगडं चाचपलंत तेव्हा तुमच्या बोटांना ते पसंत नव्हतं. तुम्ही ते ठेवून घेतलं असतं. माझं वाक्य मध्ये आलं.

गुरुजी, सत्यभामाबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी पुन्हापुन्हा वाचलं. तिला शाळेतून काढतील ही भीती मलाही आहे, आणि काढलं तर तेही माझ्याच हातून झालं असं मला आयुष्यभर वाटत राहील. शरणप्पाकाकांच्या पाया पडेन. त्यांना सांगेन की शाळेनं मला चुकायला शिकवलं नाही, घाईनं मी चुकले, आणि चूक सापडली ती एका बाईनं भिंग हातात घेतलं म्हणून. ते ऐकतील असं मला वाटत नाही. पण मुलींना पाठवायचं ते "वनमाला कधी चुकत नाही" यावर ठरणार असेल, तर पुढच्या चुकीपर्यंतच ते टिकेल. आणि तोवर आप्पांनी खळीत पाणी घालणारा म्हणून बाजारात फिरायचं, हे मला जमणार नाही.

आप्पा, तुम्ही म्हणता शब्द खोटा पाडू नको. तुमचं मी आजवर सगळं ऐकलं. औरंगाबादला येतानाही तुम्ही हो म्हणेपर्यंत थांबले. हे एक ऐकत नाही. तुमच्यावर उपकार करायला येत नाही, तुमच्या नावाचं माझ्या चुकीनं जे झालं ते माझ्या तोंडानं सांगायला येते. लोक म्हणतील लेक बापाला सोडवायला आली, म्हणू देत. पांढऱ्या लोकरीचा तुकडा आणि सुताचा तुकडा दोन्ही आणते. ज्याला पाहायचं असेल त्याला पाण्यात धरून दाखवीन. नाही पाहिलं तरी बोलेन.

उत्तरेश्वरकाकांना काय सांगावं ते मला अजून सुचत नाही. ते मान फिरवतील तर मी उभी राहीन. द्वारकाकाकींनी दार लावलं तर दाराबाहेरून सांगेन. त्यांच्या मेंढरांचं मला काही करता येणार नाही, आणि छातीचंही नाही.

अव्वाला म्हणावं, शेंगा फोडायला मीही येईन. बाईंनी चार दिवसांची रजा दिली आहे.

तुमची,
वनमाला

ता. क. गुरुजी, तुम्ही दिवस विचारला होता. मी शनिवारी, २५ तारखेच्या मोटारीनं निघते. आधी उत्तरेश्वरकाकांच्या घरी, मग भर बाजारात, रविवारी, २६ नोव्हेंबरला.